फॉर्म 16 मधील कुटुंब : बेंगळुरू आणि पगारदाराच्या कर-दाखल्याचा इतिहास

भारतातील पगारदाराचा प्राप्तिकर बहुतांशी पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो, आणि ही कपात कोणत्या हिशेबाने झाली हे सांगणारा दाखला, म्हणजेच फॉर्म 16, मालकाने कर्मचाऱ्याला द्यावा असे 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम 203 सांगत असे. या दाखल्यात कर्मचाऱ्याबरोबर त्याचे कुटुंबही हजर असे. मुलांचा शिक्षण भत्ता, मालकाच्या शाळेत मिळणारे स्वस्त शिक्षण, कचेरीतील पाळणाघर आणि दिव्यांग अवलंबिताच्या सांभाळासाठी कलम 80डीडी खाली मिळणारी वजावट अशा निरनिराळ्या वाटांनी ते तिथे येई. यातील प्रत्येक लाभ मालकाचा खर्च मानायचा की कर्मचाऱ्याचे उत्पन्न, याचे उत्तर कायद्याने वेळोवेळी बदलले असून दाखल्यातील अनेक चुकांचे मूळ या बदलांतच सापडते.

बेंगळुरूत हा इतिहास विशेष ठळक दिसतो. म्हैसूर संस्थानाचा स्वतःचा प्राप्तिकर कायदा 1923 चा होता. विलीनीकरणानंतर 1 एप्रिल 1950 पासून तिथे भारतीय कायदा लागू झाला. तोपर्यंत शहराच्या औद्योगिक जीवनाची घडण सुरू झाली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने 1940 मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टची स्थापना केली आणि पुढे आयटीआय, एचएमटी व भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सार्वजनिक उद्योग इथेच उभे राहिले. या उद्योगांनी घरे, शाळा आणि दवाखाने असलेल्या वसाहती वसवल्या. त्यामुळे तेथील कामगाराचा मोबदला रोख पगारापुरता राहिला नाही. मुलाचे शिक्षण आणि आईवडिलांचे औषधपाणी यांचाही त्यात वाटा होता.

अशा रोखीखेरीजच्या लाभाला करकायद्यात ‘पर्क्विझिट’ म्हणतात आणि त्याचे मूल्य 1961 च्या कायद्याखालील प्राप्तिकर नियमावलीच्या नियम 3 प्रमाणे ठरत असे. मालकाच्या स्वतःच्या शाळेत कर्मचाऱ्याचे मूल शिकत असेल, तर परिसरातील तशाच शाळेचा खर्च हे त्या लाभाचे मूल्य धरायचे, पण ते दरमहा प्रत्येक मुलामागे 1,000 रुपयांपेक्षा जास्त नसेल तर करासाठी ते मोजायचे नाही, असा हा नियम होता. आता मूल्य 1,400 रुपये निघाले, तर करपात्र रक्कम वरचे 400 की संपूर्ण 1,400? पहिल्या वाचनाने वर्षाचे 4,800 रुपये होतात, दुसऱ्याने 16,800. एका शाळेच्या प्रकरणात पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने दुसरे वाचन स्वीकारले, म्हणजे मर्यादा ओलांडली की पूर्ण रक्कम करपात्र. पगारपत्रक तयार करणाऱ्या लेखापालाने प्रामाणिकपणे पहिले वाचन धरले, तरी दाखल्यात चूक राहते, आणि तिचा सुगावा कर्मचाऱ्याला लागण्याचे काहीच कारण नसते.

मुलांच्या शिक्षण भत्त्याची करमुक्त मर्यादा प्रत्येक मुलामागे दरमहा 100 रुपये होती, तीही दोन मुलांपुरती. नव्वदीच्या दशकात ठरलेली ही रक्कम पुढे दोन दशकांहून अधिक काळ तशीच राहिली. इतक्या क्षुल्लक सवलतीसाठी मालक आणि कर्मचारी दोघांनाही कागद सांभाळायला लावणे अन्यायाचे होते, असेच म्हणावे लागेल.

पाळणाघराची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने, 1976 च्या दुरुस्तीनंतर, तीसपेक्षा जास्त स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले होते; बेंगळुरूचे तयार कपड्यांचे कारखाने त्याच्या कक्षेत येत. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कचेऱ्या मात्र कारखाने नव्हत्या आणि तिथले पाळणाघर मालकाच्या मर्जीचा भाग होता. 2005 मध्ये अनुषंगी लाभ कर आला, ज्यात कर्मचाऱ्यांना सामूहिकपणे मिळणाऱ्या सुविधांवरचा कर मालकानेच भरायचा होता. कर्मचारी-कल्याणावरील खर्चाचा 20 टक्के भाग लाभ समजून त्यावर 30 टक्के कर, म्हणजे लाखाच्या खर्चावर अधिभार वगळता 6,000 रुपये, अशी आकारणी होती. कायद्याने बंधनकारक असलेला खर्च यातून वगळलेला असल्यामुळे शिलाई कारखान्याचे पाळणाघर करमुक्त राहिले आणि आपखुशीने पाळणाघर चालवणाऱ्या मालकावर कर बसला. 2008 च्या वित्त कायद्याने पाळणाघराचा खर्च नाव घेऊन वगळला, तेव्हा ही विसंगती मिटली.

पण 2009 मध्ये अनुषंगी लाभ करच रद्द झाला आणि त्याबरोबर ते स्पष्ट वाक्यही निष्प्रभ झाले. लाभांचे मूल्य पुन्हा कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात मोजायचे ठरले. त्यासाठीचे नियम डिसेंबर 2009 मध्ये आले, तेही त्याच वर्षीच्या 1 एप्रिलपासून लागू होणारे, त्यामुळे आठ महिन्यांची कपात मालकांना नव्याने मोजावी लागली. ज्या सुविधेला स्वतंत्र नियम नाही तिचे मूल्य मालकाला आलेल्या खर्चावरून ठरवण्याची तरतूद त्यात होती. 2017 च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन घातले, आणि सॉफ्टवेअर कचेऱ्याही त्याच्या कक्षेत आल्या.

दाखल्यातील चुका उघड होण्याचे ठिकाणही बेंगळुरूच ठरले. प्राप्तिकर विभागाचे केंद्रीय प्रक्रिया केंद्र 2009 मध्ये इथे सुरू झाले, त्याची संगणकव्यवस्था इन्फोसिसने उभारली, आणि ऑनलाइन विवरणपत्र भरल्यावर स्वाक्षरीची पोचपावती टपालाने इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पत्त्यावर धाडणे हा देशभरच्या करदात्यांचा, त्यात पुण्या-मुंबईच्या मराठी पगारदारांचाही, वार्षिक परिपाठ झाला. कुरियर चालत नसे, टपालच लागे. 2015 पासून आधारच्या साहाय्याने ऑनलाइन पडताळणी करता येऊ लागली.

2016 च्या वित्त कायद्याने कलम 143(1) मध्ये एक नवी तरतूद घातली : फॉर्म 16 किंवा फॉर्म 26एएस मध्ये दिसणारे उत्पन्न विवरणपत्रात नसेल, तर प्रक्रिया केंद्राने ते आपणहून त्यात मिळवावे. 26एएस हा कापलेल्या कराचा सरकारी उतारा. करनिर्धारण वर्ष 2017-18 साठी पगारदारांना तफावतीच्या सूचना गेल्या आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत मिळाली. कचेरीत पुरावा वेळेवर न पोचल्यामुळे दाखल्यात न आलेली, पण विवरणपत्रात रीतसर मागितलेली वजावटही या चाळणीत तफावत म्हणून अडकू शकत होती. पुढच्याच वर्षी, 2018 च्या वित्त कायद्याने, ही तरतूद करनिर्धारण वर्ष 2018-19 पासून थांबवण्यात आली, आणि ते योग्यच झाले. मालकाच्या कागदाला कर्मचाऱ्याच्या निवेदनापेक्षा आपोआप अधिक वजन देण्यास न्याय्य आधार नव्हता.

चूक दुरुस्त करण्याची वाट मात्र मालकाच्याच दारातून जाते. फॉर्म 16 वर कर्मचाऱ्याने, किंवा मालकानेही, हाताने खाडाखोड करून चालत नाही. तिमाही विवरणपत्र 24क्यू चे दुरुस्तीपत्र मालकाने भरायचे आणि मग विभागाच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरून नवा दाखला उतरवायचा, असा क्रम असतो. आर्थिक वर्ष 2018-19 पासून दाखल्याचा पगाराचा तपशील देणारा दुसरा भागही तिथूनच निघू लागला आणि सवलती व वजावटी कलमवार दाखवणे सक्तीचे झाले, त्यामुळे चुकीची जागा नेमकी कळू लागली. अशा दुरुस्तीपत्रांना पूर्वी कालमर्यादा नव्हती. 1961 च्या कायद्याखाली 1 एप्रिल 2025 पासून ती संबंधित आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून सहा वर्षांची झाली होती. मालक दाद देत नसेल, तर कर्मचाऱ्याने खरा आकडा विवरणपत्रात भरून भत्त्याच्या पावत्या, शाळेचे पत्र किंवा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे, हाच उपाय 1961 च्या कायद्याखाली उरत असे. त्या कायद्याची जागा 1 एप्रिल 2026 पासून 2025 च्या प्राप्तिकर कायद्याने घेतली असली, तरी आधीच्या वर्षांचे दाखले जुन्याच तरतुदींनी तपासले जाणार आहेत.