चालत्या माणसाचा मेंदू



१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत, हे खानदेशातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पुढे १९५१ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी, हेच विनोबा भूदानासाठी पायी निघाले आणि सुमारे १३ वर्षे चालत राहिले. चालून आल्यावर पुन्हा सभा आणि चर्चा! आपण त्याला तपश्चर्या म्हटलं. ती होतीच. पण अशा चालण्यानं मेंदूचं काय होतं, हे कळायला वेळ लागला.

१९४५ च्या सुमारास अमेरिकेत केटी आणि श्मिट यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतून किती रक्त वाहतं, ते मोजण्याची रीत काढली. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढं. पण त्याला मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त लागतं! १९५३ साली लंडनमध्ये मॉरिस यांनी दाखवलं, की बसून राहणाऱ्या बस ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. १९८० साली फर्चगॉट यांना आढळलं, की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर एक पदार्थ सोडतं आणि त्यानं वाहिनी सैलावते. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू. या शोधाला १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता पांझरेकाठची फडपद्धत आठवा. बंधाऱ्याचं पाणी पाटानं फडाफडाला पोचतं. पाट नीट राखला तरच शेवटच्या वावराला पाणी मिळतं. मेंदूतल्या बारीक वाहिन्यांचंही तसंच. झपझप चाललं की रक्ताचा वेग वाढतो, अस्तराला घर्षण होतं, ते जागं राहतं आणि वाहिन्या लवचिक राहतात. साचलेला गाळ यानं धुऊन निघत नाही, बरं का. पण रक्तदाब आटोक्यात राहतो आणि लकव्याचा धोका घटतो.

कोणी म्हणेल, आम्ही शेतात राबतोच की! खरं आहे. पण आता वावरातही मोटारसायकलनं जाणं होतं, आणि गुरुजी दिवसभर खुर्चीत असतात. त्यांनी रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही, अशा वेगानं चालावं. रक्तदाबाची गोळी मात्र बंद करू नये. आणि तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर चोळत न बसता माणसाला त्याच घटकेला दवाखान्यात न्यावं.