फेटिया-कांचळीचा वारसा आणि आजचा पोशाख

समाजाचा इतिहास ताम्रपटांत व बखरींत असतो, तसाच तो स्त्रियांच्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या वस्त्रांतही असतो. ज्यांच्यापाशी लेखी कागद थोडे, त्यांनी तर हा दुसरा इतिहास जपणे अगत्याचे आहे. बीड जिल्ह्यातील गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, परळी या भागांतील आपल्या तांड्यांचा विचार करताना आम्हांस हे फार जाणवते.

आपले पूर्वज लदेणीचा व्यवसाय करीत. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून ते मुलुखोमुलूख फिरत. मोगलांच्या दक्षिणेतील फौजांना त्यांनी रसद पुरविली. १८०३ साली असईची लढाई ज्या मोहिमेत झाली, त्या मोहिमेत वेलस्लीच्या सैन्यासही बंजाऱ्यांच्या धान्याचा आधार घ्यावा लागला. अशा प्रवाशाचा संसार तो केवढा? बैलावर मावेल तेवढाच. म्हणून आपल्या कलेने भिंत मागितली नाही. ती अंगावरच्या कापडात वसली.

फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे पाठ उघडी ठेवणारी चोळी आणि टुकरी म्हणजे ओढणी. जाड्याभरड्या सुती कापडाचे लाल, निळे, पिवळे तुकडे जोडून त्यांवर धावदोरा, साखळी टाका व माशाच्या काट्यासारखा तिरपा टाका घातला जाई. चौकोन, त्रिकोण, शंकरपाळे हीच त्याची मुळाक्षरे. मध्ये भिंगे, काठाला कवड्या, आणि चलनातून गेलेल्या चवल्या-पावल्याही. घागर डोक्यावर घेण्याच्या चुंबळीस मागे लोंबणारी फुलियासुद्धा अशीच नटविलेली असे.

हे वस्त्र बाजारात तयार मिळत नसे. मुलीच्या लग्नासाठी आई व घरातील स्त्रिया ते तिच्याच मापाने, तिच्याच नावाने शिवीत. आज शहरात प्रत्येकाच्या आवडीचे वेगळे वस्त्र करून देण्याची नवलाई सांगतात; आपल्या तांड्यावर तीच जुनी रीत होती.

मग ही कला मागे का पडली? आगगाडीने लदेणी बुडविली. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे निजामी मुलुखातही त्याच धर्तीचा कायदा आला. ज्या पोशाखावरून आपण दुरून ओळखू येत होतो, त्याच पोशाखामुळे संशयाची नजर आपल्यावर वळू लागली. तो इंग्रजी कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु मनातील संकोच कायद्याने जात नाही. पुढे ऊसतोडीसाठी वर्षाचे निम्मे महिने फडात जाऊ लागले. पाचटात वावरताना भिंगांचा जड घेर अडचणीचा, आणि टाका घालावयास उसंतही उरली नाही. लेकीसुनांनी साडी नेसली, यात त्यांचा दोष नाही.

दोष आमचा आहे, तो दुसराच. आमच्या आजीचा फेटिया आम्ही दारी आलेल्या फेरीवाल्यास भांड्यांच्या मोबदल्यात देऊन टाकला. पुढे एका शहरातील दुकानात तशाच जुन्या फेटियाचे कापलेले तुकडे पिशवीवर जोडलेले पाहिले. किंमत ऐकून आश्चर्य वाटले; शिवणारणीचे नाव विचारले, तर कोणासच ठाऊक नव्हते. तेव्हा मात्र लाज वाटली.

कर्नाटकातील संडूर येथे १९८४ साली स्थापन झालेल्या कुशल कला केंद्राने लमाणी स्त्रियांच्या हातास काम दिले. संडूरच्या लमाणी भरतकामास भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला. तेथे जे झाले, ते आपल्या बालाघाटाच्या डोंगरात का होऊ नये?

समाजबंधु-भगिनींनो, जुना पोशाख पुन्हा सर्वांनी अंगावर घालावा असा आमचा आग्रह नाही. मुलांच्या सदऱ्यावर, मुलींच्या कुडत्यावर आपला चौकोन अवश्य यावा; मात्र तो यंत्राने छापलेला नसावा, हाताने भरलेला असावा, आणि भरणारीस तिचा मोबदला मिळावा. ज्या घरी फेटिया शिल्लक असेल, त्यांनी तो विकू नये. त्याचे छायाचित्र काढावे, शिवणारीचे व तांड्याचे नाव लिहून ठेवावे. ज्या वृद्ध याडींच्या बोटांत हे टाके आहेत, त्यांच्यापाशी नातींना बसवावे. त्यांची बोटे थांबली, म्हणजे हा इतिहास वाचणारे कोणी उरणार नाही.