छायाचित्रांना स्थळाचा पत्ता

डिजिटल कॅमेरा घरोघरी पोहोचल्यापासून कौटुंबिक छायाचित्रांची संख्या हजारांच्या घरात गेली. मात्र हवे ते छायाचित्र वेळेवर सापडणे दुरापास्त झाले. तारीख विस्मरणात जाते, गाव सहसा लक्षात राहते. त्यामुळेच स्थळानुसार मांडणीची पद्धत रूढ झाली. तिला 'जिओटॅगिंग' म्हणतात.

मूळ जपानी असलेल्या 'एक्झिफ' या प्रमाणकानुसार तारीख, वेळ व अक्षांश-रेखांश छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदवता येतात. रायगडावर टिपलेल्या छायाचित्रात १८.२३ अंश उत्तर, ७३.४४ अंश पूर्व अशी नोंद असेल, तर संगणक ते नकाशावर नेमके तेथेच दाखवतो. मोबाइलमध्ये 'लोकेशन' सुरू असल्यास ही नोंद आपोआप होते. जुन्या, स्कॅन केलेल्या छायाचित्रांना ती स्वतः द्यावी लागते.

'फ्लिकर' या संकेतस्थळाने २००६ मध्ये छायाचित्रे नकाशावर मांडण्याची सोय दिली. गुगलनेही 'पिकासा' व 'पॅनोरामिओ' यांद्वारे तशी सोय दिली होती. त्या दोन्ही सेवा २०१६ मध्ये गुंडाळण्यात आल्या. सेवा बंद झाली तरी फाइलमधील नोंद कायम राहते. म्हणूनच स्थळाची माहिती केवळ संकेतस्थळावर न ठेवता मूळ फाइलमध्ये लिहिलेली बरी.

मात्र हीच नोंद घरी टिपलेल्या छायाचित्रातून घराचा ठावठिकाणाही उघड करते. त्यामुळे मूळ फाइल अनोळखी व्यक्तीस पाठवण्यापूर्वी ती काढून टाकणे इष्ट ठरते.