पांढऱ्या पेशी कायम कमी : नवं औषध कसं तपासतात?

न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पहिल्या फळीतल्या पांढऱ्या पेशी. प्रौढांमध्ये त्या दर मायक्रोलिटर रक्तात साधारण १,५०० च्या वर असतात. तीन महिन्यांहून जास्त काळ त्या कमीच राहिल्या, तर त्याला जुनाट न्यूट्रोपेनिया म्हणतात. सीबीसी रिपोर्टवरून हिशेब सोपा आहे : एकूण पांढऱ्या पेशी ३,००० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, म्हणजे १,२००. आकडा ५०० च्या खाली गेला की साधा तापही जिवावर बेतू शकतो.

जुना उपचार
जी-सीएसएफ हे इंजेक्शन अस्थिमज्जेला जास्त पेशी तयार करायला लावतं. गंभीर आजाराच्या १२३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. काहींना औषध लगेच दिलं, काहींना चार महिने थांबवून. औषधाने पेशी वाढल्याच, संसर्गही जवळपास निम्मे झाले. मात्र सुया वारंवार टोचाव्या लागतात, हाडंही दुखतात.

नवी गोळी
मॅव्होरिक्साफॉर हे तोंडावाटे घ्यायचं औषध. पेशींना अस्थिमज्जेत अडकवून ठेवणारा सीएक्ससीआर४ हा संदेश ते रोखतं, त्यामुळे पेशी रक्तात उतरतात. व्हिम सिंड्रोम या दुर्मिळ जन्मजात आजाराच्या ३१ रुग्णांवर ५२ आठवडे चाचणी झाली. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी डमी गोळी. न्यूट्रोफिल ५०० च्या वर राहण्याचा वेळ दिवसाला सरासरी १५ तास होता, डमी गटात २.८ तास. वर्षाला संसर्ग सरासरी १.७, डमी गटात ४.२. चामखिळींत मात्र फरक पडला नाही. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत १२ वर्षांवरील व्हिम रुग्णांसाठी मंजुरी मिळाली.

ही मंजुरी व्हिमपुरतीच. जुनाट न्यूट्रोपेनियाच्या इतर प्रकारांसाठी वेगळी, ५२ आठवड्यांची चाचणी आखली गेली. कारण रिपोर्टमधला आकडा वाढला म्हणजे माणूस आजारी पडायचा थांबला, असं नाही. संसर्ग कमी झाले का, हे दाखवावंच लागतं.

चाचणीत जायचं असेल तर
भारतात चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनुसार माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. बेळगाव असो की हैदराबाद, कन्नड-तेलुगू कागद कळत नसेल तर सही करण्याआधी मराठीत समजावून मागा. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे.

आणि पेशी कमी असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.