कब्जा आणि बिजागरी

घरच्या घरी संदूक करायला बसलेल्या माणसाची खरी परीक्षा झाकणापाशी होते. चार बाजू आणि तळ कोणीही खिळे ठोकून उभे करील. पण झाकण रोज उघडावे लागते, आणि रोज उघडणारी गोष्ट आधी ढिली होते. म्हणून पहिला प्रश्न येतो तो बिजागरी कोणती घ्यावी, हा. आमच्या मारेगावकडे मात्र बिजागरी हा शब्द कमीच ऐकू येतो. आम्ही म्हणतो कब्जा.

दोन्ही शब्द दूरवरून आलेले आहेत. 'बिजागरी' पोर्तुगीज 'बिसाग्रा'वरून आली, 'चावी'ही पोर्तुगीजांचीच. 'कब्जा' अरबी, अर्थ पकड. तलवारीच्या मुठीलाही कब्जा म्हणतात. 'संदूक' आणि 'कुलूप' हेही मूळचे अरबी, तर 'पेटी' आणि 'खिळा' संस्कृतातून आलेले. मी मुसलमान असून मराठीत कविता लिहितो याचे काहींना नवल वाटते. त्यांना मी घरातली पेटी दाखवतो. हे सगळे शब्द तिच्यात एकत्र नांदतात, म्हणून तर ती नीट बंद होते.

लोखंडी बिजागरी बाजारात येण्यापूर्वी दार कसे फिरे, हे जुन्या वाड्यांत पाहावे. दाराच्या फळीलाच वर आणि खाली गोल खुंट ठेवलेला असतो. खालचा खुंट उंबऱ्याच्या खळग्यात फिरतो, वरचा चौकटीच्या भोकात. पुढे १७७५ मध्ये इंग्लंडात बिडाच्या ओतीव बिजागरीचे पेटंट घेतले गेले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि तयार लोखंडी सामान विदर्भाच्या बाजारांना जवळ आले.

आता निवडीचे पाहू. आमच्या भागात लाकूड म्हणजे सागवान. त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही. ओक लाकडातील आम्लाने लोखंड गंजते, सागात तसे होत नाही. जहाजे बांधणाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. मुंबईच्या वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेले सागवानी 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. परंतु साग तोडायला, तो स्वतःच्या शेतात असला तरी, १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. म्हणून जुन्या दाराच्या फळ्या मिळाल्या तर त्याच वापराव्यात.

आमचा उन्हाळा लाकूड आकसवतो आणि पावसाळा ते फुगवतो. म्हणून झाकण एकसंध फळीचे करू नये. खाच आणि कुसू यांनी जोडलेली चौकट करावी आणि तिच्या खोबणीत मधली फळी डिंक न लावता मोकळी बसवावी. पेटीचे कोपरे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारख्या दातांनी गुंतवले, तर ते ओढीने सुटत नाहीत. बिजागरीचे पान जितके जाड, तितकीच खाच खोदावी. झाकण लांब असेल तर दोनऐवजी तीन बिजागऱ्या, किंवा सबंध लांबीची पियानो बिजागरी घ्यावी. खिळे नकोत; आधी गिरमिटाने भोक पाडून स्क्रू पिळावेत. आतून साखळी लावली म्हणजे उघडलेल्या झाकणाचा भार बिजागरीवर पडत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? पेटीत कपडे आणि दागिने असतातच. पण १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली आणि शेतकऱ्याच्या पेटीत कागद आला. त्या कागदावर जमीन ज्याच्या ताब्यात, तो 'कब्जेदार'. म्हणजे झाकण धरून ठेवणारा तोच शब्द जमीनही धरून ठेवतो. आमच्या भागातले कोलाम बांबूच्या टोपल्या सुरेख विणतात. टोपलीला बिजागरी लागत नाही. परंतु २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर ज्यांच्या हाती जमिनीचा दाखला आला, त्यांनाही आता बंद होणारी पेटी हवी.

कापसाच्या या मुलखात कर्ज, नापिकी आणि कोर्टकचेरी यांतून घर तरते ते अनेकदा एखाद्या जपलेल्या कागदावर. तो ओलीत सापडू नये, उंदराच्या दाताला लागू नये, एवढेच या पेटीचे काम. तेव्हा लाकडात काटकसर करा. कब्जा मात्र मजबूत बसवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)