राजाजीनगरच्या घड्याळात ७ डिसेंबर १९४१

रॉय थॉमस हे अमेरिकी चित्रकथांचे लेखक. १९८१ साली त्यांनी ‘ऑल-स्टार स्क्वॉड्रन’ ही दुसऱ्या महायुद्धातल्या महानायकांची मालिका सुरू केली. रिच बकलर आणि जेरी ऑर्डवे यांची चित्रं असलेला पहिला अंक सप्टेंबरचा होता, आणि कथा थेट ७ डिसेंबर १९४१ या दिवशी उघडत होती. त्यात एक पेच होता. या काल्पनिक जगात ‘जस्टिस सोसायटी’चे नायक १९४० पासूनच हजर होते. उडणारे, भिंती फोडणारे, अंधारात पाहणारे हे सगळे असताना पर्ल हार्बर जळलं कसं?

थॉमस यांनी उत्तरासाठी पेर डेगाटन या जुन्या खलनायकाला परत आणलं. जॉन ब्रूम आणि अर्विन हेसन यांनी तो १९४७ साली निर्माण केला होता. एका शास्त्रज्ञाचा हा सहायक कालयंत्र चोरून इ. स. पूर्व ३३१ मध्ये जातो आणि आर्बेलाच्या लढाईत सिकंदराचा पराभव घडवून आणतो, म्हणजे पुढचं सगळं विज्ञान विरून जावं आणि जग आपल्या मुठीत यावं. नव्या मालिकेत तो १९४१ मध्ये उतरतो. जपानी हल्ला होणार हे त्याला आधीच माहीत असतं. त्याला फक्त नेमक्या वेळी नायक जागेवर नको असतात, म्हणून तो त्यांना पळवतो.

ही कल्पना चांगली आहे, पण खऱ्या दिवसाची तासवारी लावली की डेगाटनची गरजच उरत नाही. पुढच्या सगळ्या वेळा आजच्या भारतीय प्रमाणवेळेत दिल्या आहेत. बंगळूरमधलं राजाजीनगर तेव्हा नव्हतं, राजगोपालाचारींच्या नावाची ही वसाहत स्वातंत्र्यानंतरची. तरी इथल्या भिंतीवरचं घड्याळ लावून पाहावं. हवाई त्या वेळी या घड्याळाच्या सोळा तास मागे होतं, त्यामुळे आपल्या रविवारच्या सकाळच्या चहापासून सोमवारच्या पहाटेपर्यंत सगळी हकिगत बसते.

सकाळी ८:००
वॉशिंग्टनमध्ये शनिवारची रात्र. जपानने आपल्या वकिलातीला पाठवलेला चौदा भागांचा गुप्त संदेश अमेरिकी तज्ज्ञांनी वाटेतच पकडला आहे. त्यातले तेरा भाग उलगडले असून लेफ्टनंट शुल्झ ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हाती देतात. रूझवेल्ट वाचतात आणि शेजारी बसलेले सल्लागार हॅरी हॉपकिन्स यांना सांगतात की याचा अर्थ युद्ध. हवाईला मात्र त्या रात्री काहीच कळवलं जात नाही.

संध्याकाळी ७:३०
वॉशिंग्टनमध्ये रविवारचे सकाळचे नऊ. चौदावा भाग आला आहेच, शिवाय एक छोटी सूचना आली आहे: हा खलिता परराष्ट्रमंत्र्यांना बरोबर दुपारी एक वाजता द्यावा. लष्करी गुप्तवार्ता विभागातले कर्नल रूफस ब्रॅटन ती वाचून हादरतात. रविवारी, आणि नेमकं एक वाजताच का? तिथे एक वाजतो तेव्हा हवाईत साडेसात, म्हणजे नुकतंच उजाडलेलं असतं. लष्करप्रमुख मार्शल यांना ते घरी फोन लावतात. मार्शल घोड्यावरून फेरफटका मारायला गेलेले असतात.

या कथेत महानायक म्हणून मी कुणाला उभं केलं असतं तर ब्रॅटनना. त्यांना भविष्य दिसत नव्हतं. त्यांनी दोन शहरांच्या वेळा एकमेकींशेजारी मांडल्या, एवढंच.

७:४२
पर्ल हार्बरच्या तोंडाशी सुरुंग काढणाऱ्या ‘कॉन्डॉर’ नौकेला पाण्यात पेरिस्कोप दिसतो. ती ‘वॉर्ड’ या विनाशिकेला कळवते. ‘वॉर्ड’ शोध घेते, पण हाती काही लागत नाही. बातमी वर जात नाही.

९:५५
मार्शल कार्यालयात पोहोचले आहेत. ते लांबलचक चौदा भाग आधी वाचत बसतात आणि एक वाजताची सूचना त्यांच्या हाती शेवटी येते. इशारा ते लगेच लिहितात. टेबलावर फोन आहे, पण शत्रू ऐकेल या भीतीने ते तो उचलत नाहीत. नौदल आपला रेडिओ देऊ करतं, तोही ते नाकारतात. लष्कराचा होनोलुलूशी रेडिओसंपर्क त्या सकाळी हवामानामुळे तुटलेला असतो. म्हणून इशारा साध्या व्यापारी तारेने जातो, आणि तो तातडीचा असल्याचा शिक्काही त्यावर नसतो.

१०:००
ओआहू बेटाच्या उत्तरेला सुमारे २३० मैलांवर सहा जपानी विमानवाहू नौका आहेत. मित्सुओ फुचिदा यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या लाटेतली १८३ विमानं उडतात.

१०:३० च्या सुमारास
इथे थोडं थांबायला हवं. चित्रकथा इथे थांबत नाही.

मलायाच्या ईशान्य टोकाला कोटा भारू. तिथे ८ डिसेंबरची मध्यरात्र उलटून गेली आहे. मेजर जनरल ताकुमी यांच्या जपानी तुकड्या खवळलेल्या समुद्रातून किनाऱ्यावर उतरत आहेत. वाळूत काँक्रीटचे मोर्चे आहेत आणि त्यात १७ व्या डोग्रा रेजिमेंटची ३ री बटालियन आहे. पर्ल हार्बरवर पहिला बॉम्ब पडायला अजून तासाभराहून अधिक अवकाश आहे. पॅसिफिक युद्धाच्या या अगदी पहिल्या जमिनीवरच्या लढाईत गोळी झाडणारे हात कांगडा आणि जम्मूकडच्या डोंगरांतले होते. पुढच्या मोर्च्यांतले बहुतेक जवान जागीच पडले. ऑस्ट्रेलियन हडसन विमानांनी ‘अवाजिसान मारू’ हे सैनिकवाहू जहाज पेटवलं. जपान्यांचीही मोठी हानी झाली, तरी किनारा गेला.

अमेरिकेच्या आठवणीत युद्ध रविवारी सकाळी सुरू होतं, आणि चित्रकथेने तेच घड्याळ घेतलं. आपल्या पाठ्यपुस्तकांनीही तेच घेतलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

१०:४५
‘वॉर्ड’ला आता छोटी पाणबुडी स्पष्ट दिसते. ती तोफ डागून पाणबुडी बुडवते आणि आठ मिनिटांनी संदेश पाठवते. तो या कार्यालयातून त्या कार्यालयात खात्री करून घेत फिरतो आणि ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल किमेल यांच्या कानी पडेपर्यंत पाऊण तास जातो.

११:०२
ओआहूवरच्या ओपाना इथलं रडार केंद्र हवाईच्या घड्याळात सात वाजता बंद व्हायचं होतं. न्याहारीला नेणारा ट्रक उशिरा येतो, म्हणून जोसेफ लॉकार्ड आणि जॉर्ज इलियट हे दोन तरुण शिपाई सराव म्हणून यंत्र चालूच ठेवतात. पडद्यावर एवढा मोठा ठिपका उमटतो की यंत्र बिघडलं असं त्यांना वाटतं. अंतर १३० मैलांहून जास्त. ते माहिती केंद्राला फोन करतात.

११:२०
फोनवर लेफ्टनंट कर्मिट टायलर आहेत. या कामावर त्यांची ही दुसरीच पाळी. कॅलिफोर्नियाहून आपली बी-१७ विमानं येणार आहेत हे त्यांना माहीत आहे. काळजी करू नका, असं ते सांगतात. लॉकार्ड आणि इलियट ठिपका जवळ येताना पाहत राहतात, डोंगरांच्या आड तो दिसेनासा होईपर्यंत.

११:३३
मार्शल यांची तार होनोलुलूच्या तार कार्यालयात पोहोचते. तादाओ फुचिकामी हा जपानी वंशाचा अमेरिकन तरुण इतर तारांबरोबर तीही मोटरसायकलवर घेतो.

११:५३
फुचिदा आपल्या नौकांना कळवतात की शत्रू पूर्ण बेसावध सापडला आहे. दोन मिनिटांनी पहिले बॉम्ब पडतात.

मध्यरात्री १२:१० च्या सुमारास
‘ॲरिझोना’ या युद्धनौकेच्या दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत बॉम्ब पोहोचतो. या एका जहाजावर १,१७७ माणसं मरतात. दिवसभरात एकूण २,४०३ अमेरिकन जातात.

‘वेस्ट व्हर्जिनिया’वर डोरी मिलर हा कृष्णवर्णीय खलाशी मेसमध्ये काम करतो. वर्णभेदामुळे त्याला तोफा-बंदुकांचं शिक्षण दिलेलं नाही. तो जखमी कप्तानाला हलवायला मदत करतो, मग मशीनगनवर बसून गोळ्या संपेपर्यंत ती चालवतो. पुढे त्याला ‘नेव्ही क्रॉस’ मिळतं. १९४३ मध्ये त्याचं जहाज बुडालं आणि तोही गेला.

पहाटे ३:४५
बॉम्ब, रस्त्यातल्या चौक्या आणि स्वतःच्या चेहऱ्यावरचा संशय यांतून वाट काढत फुचिकामी फोर्ट शाफ्टर या लष्करी तळावर पोहोचतो. हवाईत पावणेबारा वाजले आहेत. इशारा उलगडून हवाईतले लष्करी प्रमुख जनरल शॉर्ट यांच्या हाती पडेपर्यंत दुपार कलते.

त्या रात्रीचे धागे बंगळूरपर्यंत येतात. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने इथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी केली होती. जपान ब्रह्मदेशात घुसल्यावर, एप्रिल १९४२ मध्ये, सरकारने तिचा ताबा घेतला आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या विमानदुरुस्तीसाठी गेला. विमान बांधण्याचं वालचंदांचं स्वप्न युद्ध संपेपर्यंत बाजूला पडलं.

चित्रकथेत रूझवेल्ट सगळ्या नायकांना एका पथकात बांधतात. डेगाटन हरतो, आणि तो हरताच त्याने केलेलं सगळं सर्वांच्या स्मरणातून पुसलं जातं. या नायकांनी थेट बर्लिनवर चाल का केली नाही, त्यासाठी थॉमस हिटलरच्या हाती एक जादूचा भाला देतात. इतिहासाला धक्का न लावता त्यात माणसं घुसवायची ही त्यांची धडपड मला मनापासून आवडते.

प्रत्यक्षात काही पुसलं गेलं नाही. १९४५-४६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त समितीने मार्शल, ब्रॅटन, किमेल, शॉर्ट, इलियट या सगळ्यांना समोर बसवून मिनिटामिनिटाचा जाब विचारला. वर दिलेल्या बहुतेक वेळा त्या साक्षींमुळेच आपल्यापर्यंत आल्या आहेत. टायलर यांच्यावर नौदलाच्या चौकशीत शिस्तभंगाची कारवाई झाली नाही. ठिपका पाहून नेमकं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, असं चौकशीत निघालं.