लोऑनचे प्रवाळी चर्च

फिलिपाइन्समधील बोहोल बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लोऑन नावाचे गाव आहे. जुनी वस्ती खाली समुद्राकाठी, नवी वर टेकाडावर आणि दोहोंना जोडणाऱ्या १७४ दगडी पायऱ्या. टेकाडावर ‘प्रकाशमाते’चे चर्च, बेटावरील सर्वांत मोठे म्हणून ख्यातनाम. १८६४ साली पुरे झालेली ही वास्तू १५ ऑक्टोबर २०१३ रोजी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी ७.२ तीव्रतेच्या भूकंपात कोसळली आणि मागे दगडांचा ढीग उरला.

बेटावर जेझुइट पाद्री आले १५९६ मध्ये. लोऑन स्वतंत्र धर्मग्राम झाले १७५३ मध्ये. पुढची कथा गोव्याचा इतिहास वाचलेल्यांना ओळखीची वाटेल. पोर्तुगालने १७५९ मध्ये जेझुइटांना हाकलले, स्पेनच्या राजाने १७६७ मध्ये तोच कित्ता गिरवला. बोहोलमधील चर्चे १७६८ मध्ये रिकलेक्ट पंथीयांच्या हाती आली. पडलेले चर्च त्यांच्याच काळातले.

बेटावर बांधकामाचा दगड म्हणजे समुद्रातले प्रवाळ. त्याचे चिरे घडवून भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन पदर उभे करायचे व मधल्या पोकळीत चुन्यात कालवलेली दगडगोट्यांची भर घालायची. चुन्यात अंड्याचा बलक नव्हे, पांढरा भाग मिसळत असे तिकडचे लोक सांगतात. आपल्याकडे वाड्यांच्या चुन्यात गूळ आणि हिरडा घालीत, त्याच जातीची ही समजूत. अशी भिंत आपले वजन शतकभर निमूट पेलते. पण आडवा हिसका बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात आणि मधली भर खाली ओघळते. १९९० च्या फेब्रुवारीत पूर्व बोहोलमधील चर्चांना याची चुणूक मिळाली होतीच. तरी लोऑनच्या चर्चला २०१० मध्ये ‘राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा’ ही पदवी मिळाली आणि तीनच वर्षांत ठेवा मातीत गेला.

त्या भूकंपात एकंदर दोनशेवर माणसे दगावली. माझ्यासारख्या शाळामास्तराची नजर मात्र एका तपशिलावर खिळते. तो दिवस बकरी ईदचा होता आणि शाळांना सुटी होती! आणखी एक नवल असे की त्याच धक्क्याने लोऑन व शेजारच्या मारिबोहॉकचा किनारा वर उचलला गेला, समुद्र मागे हटला आणि प्रवाळाचा तळ उघडा पडला. टेकाडावरचे प्रवाळ खाली आले, समुद्रातले वर आले. कारण ठरलेला भूकंपभ्रंश तोवर शास्त्रज्ञांच्या नकाशावरही नव्हता.

आमच्या भागातील वाचकाला येथे किल्लारी आठवल्यावाचून राहणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसे गाडली. त्यानंतर मराठवाड्यात दगडाचाच धसका बसला आणि गावे उठून नव्या जागी गेली. ज्या भिंतीने घरातले माणूस मारले ती पुन्हा बांधा, असे कोण म्हणेल? लोऑनकरांनी मात्र ढिगाऱ्यातून वापरण्याजोगे चिरे निवडून वेगळे काढले. जुने रूप राखून, आत आधुनिक बांधणीचा आधार देऊन, चर्च त्याच जागी उभे करायचे ठरले.

हे चर्च जुने म्हणावे की नवे? काटेकोर पुरातत्त्ववाद्याला ती प्रतिकृतीच वाटेल, आणि त्याचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. कारण मूळ कारागिराची खरी विद्या त्या दोन पदरांत आणि मधल्या भरीत होती, आणि नेमकी तीच आता राहिली नाही. तरीही मी लोऑनकरांच्या बाजूचा आहे. घर आणि देऊळ यांत फरक असतो. घर हलवता येते. बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी जिथे पिढ्यान्‌पिढ्या झाले ती जागा हलवता येत नाही, आणि तिथे उद्या पुन्हा माणसे जमणार असतील तर भिंत पडणार नाही याची तजवीज आधी, शुद्धतेचा विचार मागाहून. जुन्या पदरांचा एखादा तुकडा मात्र, त्यातल्या भरीसकट, मुलांना दाखवण्यासाठी उघडा ठेवायला हवा.

सप्टेंबर २०२१ मध्ये, प्रकाशमातेच्या सणाच्या सुमारास, चर्चचे दरवाजे पुन्हा उघडले. पुढे ३० सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे किल्लारीच्याच तारखेला, सामुद्रधुनीपलीकडच्या सेबू बेटाच्या उत्तरेस ६.९ तीव्रतेचा धक्का बसला आणि तेथील जुन्या चर्चांची पडझड झाली. चिरे निवडण्याचे काम आता तिकडच्या लोकांपुढे आहे.